धंद्यात घातलेलं भांडवल खरंच काम करतंय का, हे मोजायचं कसं?

वर्नियर
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं वर्कशॉप आहे. बाबा आणि काकांनी एका लेथवर सुरू केलं, आज चार व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची, संगणकावर चालणारी मिलिंग मशीनं), तीन सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारे लेथ) आणि एक म्हातारा सरफेस ग्राइंडर आहे. एक ग्राहक नवे पार्ट द्यायला तयार आहे. माझं म्हणणं, पाचवं व्हीएमसी घेऊ, ३८ लाखांपर्यंत बसेल. बाबा म्हणतात, आहेत ती मशीनं आधी नीट चालव. काका म्हणतात, दुसरी शिफ्ट लाव. रोज रात्री जेवताना हाच विषय, आणि आई आता ताट घेऊन टीव्हीसमोर जाते.

मला भांडण मिटवायला आकडा हवाय. गेल्या वर्षीचे आमचे आकडे (गोल करून): उलाढाल ६ कोटी, जीएसटी सोडून. व्याज आणि कर जायच्या आधीचा नफा ६६ लाख. मशीनं पुस्तकात (घसारा जाऊन) १ कोटी २० लाखांना, घेतली तेव्हाची किंमत ३ कोटी १० लाख. स्टॉक ९० लाख, येणं १ कोटी ६० लाख, देणं ७० लाख. गाळा स्वतःचा, तो धरलेला नाही. यावरून भांडवलाची उत्पादकता कशी काढायची, आणि ती बरी की वाईट हे कसं ठरवायचं?

रिकामटेकडा
बाबांचं ऐका. धागा कुलूपबंद करावा ही विनंती.

ताळेबंद
कुलूप नको, विषय छान आहे. (मी सीए, पण इथे फी नाही.)

मशीनं १२० + स्टॉक ९० + येणं १६० − देणं ७० = ३०० लाख. हे तुमचं गुंतलेलं भांडवल. उलाढाल ६००, म्हणजे भांडवल वर्षात दोनदा फिरलं. नफा उलाढालीच्या ११ टक्के. दोन गुणिले ११ = २२ टक्के परतावा. ही गुणाकाराची मांडणी ड्यूपाँ कंपनीच्या डोनाल्डसन ब्राउनने १९१०च्या दशकात बसवली आणि पुढे जनरल मोटर्समध्येही नेली. तिचा फायदा असा की दुखणं नफ्याच्या टक्केवारीत आहे की भांडवल फिरण्याच्या वेगात, हे लगेच वेगळं दिसतं.

आता गंमत बघा. मशीनं पुस्तकी किमतीऐवजी खरेदी किमतीला धरा. भांडवल ४९० लाख होतं आणि परतावा साडेतेरा टक्क्यांवर येतो. वर्कशॉप तेच, माणसं तीच. काहीही नवीन न घेता नुसता घसारा लावत राहिलात तर पहिला आकडा दरवर्षी आपोआप सुधारत जाईल, आणि ज्या वर्षी मशीन घ्याल त्या वर्षी धाडकन पडेल. म्हणून दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.

आणखी एक. तुमचं अर्धं काम जॉबवर्क असेल, माल ग्राहकाचा, तर उलाढालीवर जाऊ नका. उलाढालीतून माल, टूल, वीज, बाहेरून करून घेतलेली कामं वजा करा. जे उरतं ती तुम्ही घातलेली भर. ती भागिले भांडवल, ही खरी भांडवल उत्पादकता. नाहीतर उद्या महाग स्टील स्वतः आणून तेवढंच काम केलंत तरी आकडा फुगेल.

वर्नियर
ताई, लगेच काढलं. माल, टूल, वीज आणि हीट ट्रीटमेंट मिळून साधारण तीन कोटी जातात. म्हणजे भर तीन कोटी, भांडवल तीन कोटी. रुपयाला रुपया. हे बरं की वाईट?

ताळेबंद
एकट्या आकड्याला अर्थ नाही. तुमचीच मागची पाच वर्षं काढा आणि दिशा बघा. शेजारच्या गाळ्याशी तुलना करू नका, त्याची मशीनं कुठल्या सालची आहेत हे तुम्हाला माहीत नाही.

भुईछत्र
गाळा धरला नाही म्हणजे काय? भोसरीतला गाळा आणि फुकट? भाड्याने दिलात तर महिन्याला काय येईल ते खर्चात टाका, मग ६६ लाखांचे किती उरतात बघा. आमच्या ओळखीत दोघांनी हा हिशेब केला आणि मशीनं विकून गाळे गोडाऊनला दिले. आता सकाळी बागेत फिरतात, तब्येती सुधारल्या.

वर्नियर
हे बाबांना वाचून दाखवणार नाही.

घाटावरचा
तीस-पस्तीस वर्षं प्रॉडक्शनमध्ये गेली, आता निवृत्त. सीए बाईंचं बरोबर आहे, पण ताळेबंद वर्षातून एकदा येतो आणि मशीन रोज बंद पडतं. मला एवढंच सांगा, आठ तासांच्या शिफ्टमध्ये प्रत्येक व्हीएमसीचा स्पिंडल (टूल धरून फिरणारा दांडा) प्रत्यक्ष धातू किती वेळ कापतो? दिवा हिरवा असणं वेगळं आणि चिप पडणं वेगळं.

जपानच्या सेइइची नाकाजिमा यांनी टीपीएम (सगळ्यांनी मिळून मशीनं सांभाळायची पद्धत) बसवताना ओईई, म्हणजे मशीनची एकूण परिणामकारकता, मोजायला लावलं. मशीन किती वेळ उपलब्ध होतं, किती वेगाने चाललं आणि किती माल चांगला निघाला, या तिन्हींचा गुणाकार. ९०, ९५ आणि ९९ टक्के धरले की जवळपास ८५ होतात, तो आदर्श मानतात. आपल्याकडे कुणालाही विचारा, तो ऐंशीच्या वरच सांगतो. मोजलं की पन्नाशी गाठताना दम लागतो.

सॉफ्टवेअर वगैरे घेऊ नका. प्रत्येक मशीनच्या दाराला एक कागद आणि दोरीला पेन. मशीन पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबलं की ऑपरेटरने वेळ आणि कारण लिहायचं. दोन आठवडे पुरे. फक्त एक पथ्य: त्या कागदावरून कुणालाही बोलायचं नाही. एकदा बोललात की तिसऱ्या दिवसापासून सगळे कागद गुळगुळीत.

अर्धविराम
पेन पहिल्याच दिवशी जाणार, दोरी राहणार.

शून्य_शेष
मी बँकेत एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कर्ज बघायचो. घाटावरचा मशीनकडे बघतायत, मी येण्याकडे बघतो. १ कोटी ६० लाख येणं! उलाढाल ६ कोटी म्हणजे ९७ दिवसांची उधारी. नव्वद दिवसांच्या वरचं येणं बहुतेक बँका ड्रॉइंग पॉवरला (स्टॉक आणि येण्यावर किती उचल देता येईल त्या हिशेबात) धरत नाहीत, उरलेल्यावर पुन्हा मार्जिन. म्हणजे तो माल बनवायला लागलेला पैसा तुमचा, आणि त्यावर सीसीची (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) मर्यादाही नाही.

ताळेबंद
छोटी दुरुस्ती. येण्यात १८ टक्के जीएसटी असतो, उलाढालीत नाही. ७ कोटी ८ लाखांवर काढा, ८२ दिवस येतात. पण मुद्दा तोच. ४५ दिवसांवर आणलं तर साधारण ७३ लाख मोकळे होतात. जवळजवळ दोन व्हीएमसींचे पैसे ग्राहकांकडे पडून आहेत.

वर्नियर
४५ दिवस कायद्यात असतात, ताई. पर्चेस ऑफिसरच्या टेबलावर नसतात.

ताळेबंद
असतात, हळूहळू. एमएसएमईडी कायदा २००६चा आहे. लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण व्याज मागायची हिंमत कुणात नव्हती, म्हणून कायदा कागदावर राहिला. २०२३-२४ या वर्षापासून आयकरात ४३बी(एच) आलं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. त्यामुळे आता मार्च जवळ आला की ग्राहकाचा अकाउंट्सवालाच फोन करून उद्यम सर्टिफिकेट (सरकारी एमएसएमई नोंदणीचा दाखला) मागतो.

चाकणची_चकली
मागतो, आणि दुसरा फोन करून "उद्यम रद्द करता का हो?" असंही विचारतो. आम्हाला २०२४च्या फेब्रुवारीत एका जुन्या ग्राहकाने सरळ हेच विचारलं. नाही म्हटलं. ऑर्डर निम्मी झाली आणि पुढच्या सहा महिन्यांत परत आली, कारण ज्याला दिली त्याचं रिजेक्शन त्यांना झेपेना. सगळ्यांचं असं गोड होईलच असं नाही.

शून्य_शेष
ग्राहक मोठा असेल तर ट्रेड्सबद्दल (बिलांवर आधी पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था) विचारा. बिल तिथे चढवायचं, ग्राहकाने मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात. व्याज ग्राहकाची पत बघून ठरतं, तुमची नाही. आणि ग्राहकाने बुडवलं तरी बँक तुमच्या दारात येत नाही. अडीचशे कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत नोंदणी सक्तीची केली होती.

चाकणची_चकली
नोंदणी सक्तीची, बिल मान्य करणं नाही. गोम तिथेच आहे.

अबोली
विषयाला थोडी बगल देते. माझ्या मावशीचं साताऱ्याजवळ मंगल कार्यालय आहे. तिच्या भांडवलाची उत्पादकता पंचांगावर ठरते! मुहूर्त नसला की हॉल, स्वयंपाकघर, अडीचशे खुर्च्या, सगळं झाकून. मग तिने सुरतच्या साड्यांचे सेल, शाळांची गॅदरिंगं, आणि "काढीव मुहूर्त" असणाऱ्यांना निम्म्या भाड्यात हॉल असं चालू केलं. गुरुजींना हाताशी धरलंय असा काकांचा आरोप आहे.

रिकामटेकडा
भांडवल उत्पादकता वाढवण्यासाठी गुरुजींशी संगनमत. यावर केस स्टडी झालाच पाहिजे.

मळी_आणि_मी
हसताय, पण आमचा साखर कारखाना म्हणजे हेच, फक्त आकडे शेकडो कोटींत. बॉयलर, टर्बाइन, मिल, सगळं वर्षातले चार-पाच महिने चालतं. ऊस नाही तर गाळप नाही. बाकीचे महिने ओव्हरहॉलिंग. म्हणून मिलच्या कार्यक्षमतेत दोन टक्के इकडेतिकडे करून फार काही हाती लागत नाही. हंगाम किती दिवस चालला आणि त्यात किती तास मिल थांबली, यावर वर्ष ठरतं. हंगामात मिल तासभर थांबली तर गव्हाणीसमोर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची रांग लागते, ऊस वाळतो, साखरेचा उतारा घसरतो.

त्यात दुसरं दुखणं स्टॉकचं. साखर तयार होते पाच महिन्यांत, विकायची बारा महिने, तीही केंद्राच्या मासिक कोट्याप्रमाणे. शेतकऱ्याला मात्र एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) चौदा दिवसांत द्यायची. मग गोदामातली पोती बँकेकडे तारण, आणि व्याज चालू. तुमचे ८२ दिवस मला स्वर्ग वाटतात.

म्हणून सहवीज (उसाच्या चिपाडावर वीज) आणि डिस्टिलरी आली, की तेच आवार जास्त दिवस कमावतं व्हावं. पण डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने उसाचा रस इथेनॉलकडे वळवायला आधी बंदी आणि लगेच मर्यादा घातली, ती ऑगस्ट २०२४च्या शेवटी उठली. मधल्या काळात कर्ज काढून उभारलेल्या डिस्टिलऱ्यांचा हप्ता काही थांबला नाही. भांडवलाचा परतावा मोजताना हे कुठल्या खान्यात लिहायचं?

ताळेबंद
खाना नाही त्याला. म्हणून तर असे प्रकल्प करताना निम्म्या क्षमतेवर हप्ता निघतो का ते आधी बघायचं असतं.

श्टुटगार्टकर
इथे जर्मनीत मी छोट्या मशीनिंग कंपन्या बघतो. संध्याकाळी पॅलेट भरून ठेवतात, दार बंद करून घरी जातात आणि मशीन माणसाशिवाय रात्रभर कापत राहतं. दर तासाला स्पिंडल काय करतंय ते मोबाईलवर दिसतं. आपल्याकडे पण हे का होत नाही?

घाटावरचा
होईल की. पण तुमच्याकडे ऑपरेटरचा तास महाग, म्हणून पॅलेट चेंजर (जॉब आपोआप बदलणारं यंत्र) आणि प्रोबिंग (मशीनवरच आपोआप मोजमाप) परवडतं. तिथे माणशी उत्पादन वर जातं, पण दर युरो भांडवलामागे मिळणारी भर वर जातेच असं नाही, बऱ्याचदा खाली येते. भोसरीत रात्रपाळीचा ऑपरेटर मिळतो, तिथे तेवढ्याच पैशांत माणूस ठेवून साधं मशीन दोन शिफ्ट चालवणं फायद्याचं. कंपनी कायद्याच्या घसाऱ्याच्या तक्त्यातही हे दिसतं: दोन शिफ्ट चालवलं तर घसारा पन्नास टक्के जास्त, तीन शिफ्टना दुप्पट.

आयटीतला_एक
आमच्याकडे भांडवल म्हणजे लॅपटॉप आणि बीनबॅग. बीनबॅगची उपलब्धता शून्य टक्के, कायम कुणीतरी झोपलेलं.

शून्य_शेष
मूळ प्रश्नाकडे. पाचव्या व्हीएमसीचा हिशेब कुणीच मांडला नाही, मी मांडतो. तासाला ४५० रुपये दर धरा. एक शिफ्ट, सात तास, ३०० दिवस: ९ लाख ४५ हजार. ऑपरेटर ३ लाख, वीज-टूल-कूलंट-देखभाल अडीच लाख. उरले चार लाखांच्या आत, घसारा अजून काढायचाय. ३८ लाखांवर हे साडेदहा टक्केही नाही, कर्जाचं व्याजच तेवढं असेल. दोन शिफ्ट चालवलं तर सगळं दुप्पट, पण ३८ लाख तेवढेच. २१ टक्के. म्हणजे दोन शिफ्टचं काम हातात असेल तर घ्या, नसेल तर तुमच्या काकांचं म्हणणं माझ्या आकड्यांसकट घरी सांगा.

आणि ताळेबंद यांच्या एका वाक्यावर आक्षेप. मशीन घेतल्यावर आकडा "धाडकन पडेल" म्हणून घाबरायचं कारण नाही. २२चा २१ झाला तरी व्याज १० असेल तर वरचे अकरा टक्के तुमचेच. नुसतं गुणोत्तर चांगलं ठेवायचं असेल तर सर्वात सोपं म्हणजे काहीच घ्यायचं नाही.

ताळेबंद
आक्षेप मान्य नाही, कारण मी घाबरा असं म्हटलं नव्हतं. :) पण भांडवलाचा खर्च वजा करून काय उरतं ते बघावं, यावर एकमत. ईव्हीए (इकॉनॉमिक व्हॅल्यू ॲडेड) म्हणतात ते हेच.

रिकामटेकडा
एकमत? या संकेतस्थळावर?

वर्नियर
(तीन आठवड्यांनी) मंडळी, कागद लावले. पेनं गेली. नवीन आणली. बाबांनी स्वतः एका मशीनवर उभं राहून लिहिलं.

सगळ्यात वाईट तीन नंबरचं व्हीएमसी. जेवण-चहा सोडून शिफ्टची ४४० मिनिटं. सरासरी कटिंग २०५. पहिल्या पीसच्या मंजुरीची वाट ९०. सेटिंग ७०. ऑपरेटर दुसऱ्या मशीनवर गेला म्हणून ५०. इन्सर्ट (टूलची बदलता येणारी कापणारी टोकं) आणि टूल शोधण्यात २५. बाकीची तीनही थोड्याफार फरकाने अशीच.

पहिल्या पीसचं कारण कुणाच्याच डोक्यात नव्हतं. इन्स्पेक्शनला आमच्याकडे एकच माणूस. सेटिंग झालं की ऑपरेटर पीस फडक्यात गुंडाळून त्याच्या टेबलावर नेतो. तिथे आधीच तीन पीस रांगेत, आणि तो ग्राहकाचे कागद भरतोय किंवा डिस्पॅचची पेटी मोजतोय. हाइट गेज मोकळा, माणूस मोकळा नाही.

आणि स्टॉक. ९० लाखांतले अकरा लाख म्हणजे रॅकच्या मागच्या ओळीत ठेवलेले फ्लँज (पाइप जोडायच्या चकत्या). ग्राहकाने ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली, आमचा माल बनून तयार होता. प्रत्येक स्टॉक स्टेटमेंटमध्ये तो पूर्ण भावाने जातो.

शून्य_शेष
हे वाक्य तुमच्या बँकेने वाचलं नाही असं धरून चालतो. पुढच्या स्टेटमेंटपासून काढा.

घाटावरचा
वा! आता नीट बघा. नवीन मशीन याच सवयींत आणलंत तर तेही २०५ मिनिटंच कापणार. वर त्याच एका इन्स्पेक्टरच्या टेबलावर पाचव्या मशीनचे पीस जाऊन बाकीच्या चारांचीही वाट वाढणार. उलट, मंजुरीतली साठ आणि सेटिंगमधली तीस मिनिटं वाचवलीत तर चार मशीनांवर ३६० मिनिटं रोज मिळतात. एका नव्या मशीनपेक्षा जास्त, आणि खर्च एका ज्युनिअर इन्स्पेक्टरचा पगार.

सेटिंगसाठी फार शोध लावायला नकोत. १९६९मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसचं सेटिंग चार तास घ्यायचं, शिगेओ शिंगो यांनी ते आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं. सुरुवात एवढीच होती की मशीन चालू असताना जे करता येतं ते मशीन थांबवून करायचं नाही. पुढच्या जॉबचं फिक्स्चर, जॉ, टूलची लांबी, प्रोग्रॅम, सगळं आधी ट्रॉलीवर तयार. तुमचा ऑपरेटर सेटिंगमध्ये किती वेळ ॲलन की शोधतो ते बघा.

चाकणची_चकली
एक धोका. मशीनं मोकळी झाली की ती भरायचा मोह होतो. ऑर्डर नसताना "उद्या लागेल" म्हणून पार्ट काढले की ते फ्लँजच्या शेजारी जाऊन बसतात. ओईई छान, स्टॉक दुप्पट.

घाटावरचा
शंभर टक्के. ग्राइंडर एकच आहे ना? मग ग्राइंडिंगला जाणारे पार्ट व्हीएमसीवर त्याच्या वेगापेक्षा जास्त काढू नका. त्याच्यापुढे साचलेला ढीग म्हणजे तुमचाच अडकलेला पैसा.

वर्नियर
घरचा निकाल: इन्स्पेक्शनला एक मुलगी घेतली, आयटीआय झालेली, आल्या आठवड्यातच तिने मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन संपलंय ते दाखवलं. दुसरी शिफ्ट फक्त दोन व्हीएमसींवर, गुरुवार सुट्टी कायम. मोठ्या ग्राहकाने ट्रेड्सला "बघतो" म्हटलंय. फ्लँजपैकी थोडे रिवर्क करून नवीन रिव्हिजनला बसतात का ते बघतोय, बाकी भंगारात. व्हीएमसीचं कोटेशन ड्रॉवरमध्ये आहे. नवीन पार्टचं शेड्यूल दोन शिफ्टचं आलं तर काढणार, हे बाबांनीही मान्य केलंय.

भुईछत्र
आणि गाळ्याचं भाडं?

वर्नियर
धरलं. नफा दिसायला बारीक झाला. काका तेव्हापासून तुम्हाला शोधतायत.

ताळेबंद
छान चाललंय. एक प्रश्न राहिला: तुम्ही तुमच्या हीट ट्रीटमेंटवाल्याला किती दिवसांनी पैसे देता?

वर्नियर
ताई, नेटवर्क जातंय इथे.

पावशेर
उशिरा आले, पण माझा प्रश्न घेता का? आमचं प्लॅस्टिक मोल्डिंग, वाळूजला. मोल्ड बहुतेक ग्राहकांचे असतात, काही तर दहा वर्षं पडून आहेत, ऑर्डर नाही पण परतही नेत नाहीत. ते भांडवलात धरायचे का?

ताळेबंद
तुमच्या मालकीचे नाहीत, ताळेबंदात येणार नाहीत. पण त्यांनी अडवलेली जागा, विमा, गंज काढायचा खर्च तुमच्याच खिशातून जातोय. यादी करा, प्रत्येक ग्राहकाला पत्र पाठवा: अमुक तारखेपर्यंत न्या किंवा साठवणुकीचे महिन्याला एवढे पैसे. निम्मे तरी नेतील.

पावशेर
आणि उरलेले निम्मे?

चाकणची_चकली
ते पुढच्या वर्षी ऑर्डर घेऊन येतील आणि विचारतील, मोल्ड गंजला कसा.